आडनाव नसलेला बॅज

ब्रिस्टलमध्ये मी शनिवारी माणसांना फुकट हिंडवते. जुनं शहर, बंदर, भिंत, चर्चं आणि त्यांच्या गोष्टी. आठवडाभर मी विमानाच्या पंखांमधल्या इंधनाच्या नळ्यांची डिझाइन्स तपासते. तिथे बोलायला कुणी नसतं, म्हणून शनिवारी बोलून घेते. आम्ही सगळे गाइड हौशी आहोत. गळ्यात एक बॅज असतो आणि त्यावर फक्त पहिलं नाव. इंग्रज माणसाला तेवढं पुरतं. आपला माणूस बॅज वाचतो आणि नजरेने पुढचं शोधत राहतो.

मग प्रश्न येतात. ताई, मूळच्या कुठल्या? पुण्यात कुठे? माहेरचं काय? मी काही लपवत नाही. सरळ विचारलं तर सरळ सांगते. पण आडून आडून खोदणाऱ्याला मी मदत करत नाही, त्याने घाम गाळावा. बहुतेक जण शेवटी माझ्या मराठीवरून अंदाज बांधतात. माझी आई मराठीची शिक्षिका होती, जेवताना एक शब्द चुकला तरी घास थांबवायची. त्या मराठीवरून लोक मला मनातल्या मनात त्यांच्याच आळीत नेऊन बसवतात आणि मोकळे होतात. किती छान बोलता हो, असं कुणी म्हणालं की मला राग येतो, कारण ते कौतुक कुठून आलंय ते मला कळतं.

गेल्या उन्हाळ्यात नॉटिंगहॅमच्या एका मराठी मंडळाची कोच बस आली. मंडळाचे सेक्रेटरी फोनवरच आवडण्यासारखे वाटले होते आणि प्रत्यक्षातही तसेच निघाले. सगळ्यांना सनस्क्रीन लावा म्हणून बजावत होते आणि हातात तिखटमिठाच्या पुऱ्यांची मोठी पिशवी होती. माणसं हसत, आळस देत उतरली. सगळ्यांत शेवटी मागच्या सीटवरून एक बाई उतरल्या, चाळिशीच्या आतल्या, एकट्या. त्यांच्याशी उतरताना कुणी बोललं नाही, एवढं माझ्या लक्षात राहिलं.

पहिला थांबा रिकाम्या चौथऱ्याचा. तिथे एका गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा होता. शहराला शाळा आणि दवाखाने दिले म्हणून त्याला तिथे उभा केला होता. पैसा कुठून आला ते विचारायचं नाही, अशी पद्धत होती. मग काही वर्षांपूर्वी लोकांनी त्याला दोर बांधून ओढला, रस्त्यावरून लोळवत नेला आणि बंदरात ढकलला. आता तो म्युझियममध्ये आडवा पडून आहे, लोकांनी अंगावर फासलेल्या रंगासकट. मला त्याचं आडवं पडणं आवडतं. उभा होता तेव्हा त्याच्याकडे कुणी धड बघत नव्हतं.

मंडळी एकदम पेटली. या इंग्रजांनी जगाला लुटलं, एक आजोबा म्हणाले. कोहिनूर निघाला, दुष्काळ निघाले. माणसाला माणूस न मानणं म्हणजे काय, असं एकीने अगदी कळवळून विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चौथऱ्याबरोबर फोटो काढले. मागच्या सीटवरच्या बाई थोड्या लांब उभ्या होत्या. त्यांनी फोटो काढला नाही.

पुढे घड्याळ. जुन्या बाजाराच्या इमारतीवरचं हे घड्याळ माझं लाडकं आहे. त्याला मिनिटांचे दोन काटे आहेत. रेल्वे आली तेव्हा लंडनने आपली वेळ साऱ्या देशाला लावायला घेतली. ब्रिस्टलचा सूर्य लंडनपेक्षा दहाएक मिनिटं उशिरा उगवतो. शहर म्हणालं, आमच्या सूर्याचं काय? आणि एक काटा लंडनसाठी, एक स्वतःसाठी ठेवून बरीच वर्षं दोन्ही चालवले. शेवटी लंडनचीच वेळ मान्य करावी लागली, पण काटा काही कुणी काढला नाही. सेक्रेटरी म्हणाले की आपल्या मंडळाला हेच घड्याळ पाहिजे, आणि सगळे खळखळून हसले. मीही हसले. त्या क्षणापर्यंत माझा दिवस चांगला चालला होता.

मागच्या बाजारात कॉफी प्यायला थांबलो तेव्हा सेक्रेटरी माझ्या शेजारी येऊन बसले. पुरी पुढे केली. आवाज खाली आणला.

"ताई, एक छोटीशी रिक्वेस्ट होती. एंडला तुम्ही त्या भिंतीतल्या नळाची स्टोरी सांगता ना, ती जरा स्किप करता येईल का? माझा मँचेस्टरचा मित्र मागे तुमच्या टूरला आला होता, त्याने सांगितलं. इट्स अ फॅमिली डे आउट, तिथे कास्ट वगैरे कशाला?"

मी विचारलं, का बरं?

मग त्यांनी मोकळेपणाने सगळं सांगितलं. त्या मागच्या बाई डॉक्टर आहेत, हॉस्पिटलमध्ये चांगल्या पोस्टवर. एप्रिलमध्ये मंडळाने जयंती करावी म्हणून मागे लागल्या होत्या. कमिटीने सांगितलं, हॉल मिळत नाही. हॉल मिळत होता, पण एकदा सुरू केलं की दरवर्षी आलं, आणि काही मेंबर्स अनकम्फर्टेबल होतात. आता तुम्ही ती गोष्ट सांगितली की बाईंना पुन्हा जोर येणार.

"तुमच्यासारख्या आपल्यातल्या बायका मोठ्या मनाने हे विषय मांडतात, आय रिस्पेक्ट दॅट. पण ते लोक लगेच त्याचा अ‍ॅडव्हान्टेज घेतात. तुम्ही समजू शकता."

आपल्यातल्या. बॅजवर आडनाव नव्हतं, माझं मराठी आईने घासूनपुसून दिलेलं होतं, तेवढ्यावर या गृहस्थांनी मला त्यांच्या पंगतीला बसवून टाकलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुरी हातातच राहिली. समोर त्या डॉक्टर बाई लांबच्या टेबलावर एकट्या बसून कॉफी पीत होत्या आणि सुट्टीच्या दिवशी कुणीतरी फोनवर काही विचारत होतं त्याला शांतपणे उत्तरं देत होत्या. मंडळ सोडून जाणं त्यांना सोपं होतं. तरीही त्या दर कार्यक्रमाला येत होत्या आणि शेवटच्या सीटवर बसत होत्या. आज हॉलचं खोटं मीही मुकाट ऐकून घेतलं असतं तर त्यांचा एप्रिल कायमचा गेला असता, आणि त्यात माझी सही असती.

मी सेक्रेटरींना म्हटलं, बघू या. त्यांना तो होकार वाटला.

जुन्या शहराची भिंत आता जेमतेम उरली आहे. एक वेस शाबूत आहे, तिच्यावर चर्चचा मनोरा उभा आहे आणि बाहेरच्या अंगाला दगडात बसवलेला एक नळ आहे. काही शतकांपूर्वी मठातल्या साधूंनी टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी आपल्यासाठी नळीने आणलं आणि त्याचा एक बारीक फाटा गावाला दिला. हल्ली त्याला कधी पाणी असतं, कधी नसतं. त्या दिवशी होतं. गेल्या महायुद्धात बॉम्ब पडून शहराचे नळ बंद पडले तेव्हा माणसांनी या जुन्या नळावर भांडी लावली, हेही मी सांगितलं. इथपर्यंत सेक्रेटरी खुशीत मान हलवत होते.

मग मी म्हटलं, मी नळ्यांची इंजिनिअर आहे. पाणी कुठून येतं हे कुणीही सांगेल. मी आधी बघते ते कुणापर्यंत पोचू दिलं जात नाही.

आणि एरवी इथे कुणा एका बाईची म्हणून सांगते ती गोष्ट त्या दिवशी माझ्या आईची म्हणून सांगितली. गावच्या विहिरीला पायऱ्या होत्या, पण आमच्या बायकांना त्या नव्हत्या. घागर घेऊन लांब बसायचं. कुणाला दया आली तर वरून ओतणार, नाही आली तर ऊन कलेपर्यंत बसायचं. शाळेत मराठी शिकवणाऱ्या माझ्या आईने लहानपणी ओंजळ अशी वर धरून पाणी प्यायलेलं आहे, पाणी ओतणाऱ्याचा लोटा आपल्याला लागू नये म्हणून. आईच्या जन्माच्याही आधी कोकणातल्या एका तळ्यावर आमची माणसं हजारोंनी गेली आणि उतरून पाणी प्याली. माझे आजोबा त्यांत होते. नंतर गावाने त्या तळ्यात शेण आणि गोमूत्र ओतून ते पाणी शुद्ध करून घेतलं. माणसाच्या ओंजळीने बाटलेलं पाणी जनावराच्या मुताने शुद्ध झालं.

मघाशी कोहिनूर मागणारे आजोबा फुटपाथकडे बघत होते. माणसाला माणूस न मानण्याबद्दल कळवळणाऱ्या बाई पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होत्या. चौथऱ्यापाशी सगळ्यांना वाचा फुटली होती, कारण ते पाप दुसऱ्याचं होतं.

सेक्रेटरी हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "ताई, पण हे आता कुठे राहिलंय?"

"एप्रिलमध्ये हॉल मिळत नाही तिथे राहिलंय," मी म्हटलं. "मघाशी कॉफी पिताना तुम्ही मला आपल्यातल्या म्हणालात. कुणातल्या?"

रस्त्यावर एक बस येऊन थांबली, माणसं चढली, बस गेली. सेक्रेटरी लाल झाले होते. आणि तरीही, म्हणजे एवढं सगळं होऊनही, त्यांच्या तोंडून तोच प्रश्न आला. मला वाटतं तो त्यांनी विचारला नाही, तो आपोआप निघाला.

"तुमचं आडनाव काय, ताई?"

मी आडनाव सांगितलं. मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. गाव सांगितलं, आणि गावाच्या कोणत्या टोकाला आमची घरं होती तेही सांगितलं. गाइडला आवाज असावा लागतो, तो मला आहे.

मागून गर्दी बाजूला करत डॉक्टर बाई पुढे आल्या. त्यांनीही आपलं आडनाव सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना. मग नळाखाली दोन्ही हात धरले, मनगटापर्यंत भिजू दिले आणि ओले हात तोंडावरून फिरवले. घाईत नव्हत्या. त्यांच्या मागे एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली आणि तिनेही हात पुढे केला. बाकीचे जागेवरून हलले नाहीत. मी कुणाला बोलावलं नाही.

सगळे कोचपाशी परत आलो. सेक्रेटरींनी माझे आभार मानले, नियमाप्रमाणे. माझ्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर कुठे करायची हे मी त्यांना सांगितलं, ते म्हणाले तसं काही नाही. तसं काही असतं तरी मला चाललं असतं.

मी फुटपाथवर उभी राहून बघत होते. डॉक्टर बाई सगळ्यांत आधी चढल्या. ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर पुऱ्यांची पिशवी ठेवलेली होती, सकाळपासून ती सीट सेक्रेटरींची होती. बाईंनी पिशवी उचलली, दारात उभ्या असलेल्या सेक्रेटरींच्या हातात दिली आणि तिथे बसल्या.