बारीक हात

"घाला की मॅडम हात. कायतरी अडकलंय घशात."

आप्पा दावं धरून उभे होते. गाय तोंड वासून लाळ गाळत होती. मी ग्लोव्हज चढवले आणि तशीच उभी राहिले. मागून शेजारचा कुणीतरी हसला. "मॅडम भ्यायल्या वाटतं."

भ्यायलेच होते. मी सरकारी पशुवैद्यक. न्हावऱ्याच्या आसपासची बरीच गावं माझ्याकडे आहेत, कारण शेजारची पोस्ट रिकामी आहे. गायीच्या घशात कणीस नाहीतर बिटाचा तुकडा अडकणं ही रोजची केस. तसं झालं की पोटातला गॅस बाहेर पडत नाही आणि डावी कूस ढोलासारखी फुगते. हिची कूस बसलेली होती. मागचे पाय लटपटत होते. मग ती हंबरली. आवाज घोगरा, फाटका, आणि थांबायला तयार नाही.

"आप्पा, दावं सोडा. सगळे मागे सरका. इकडं कुत्रं आलं होतं का?"

"कुत्री येतच असत्यात."

"पिसाळलेलं?"

आप्पांनी दावं खाली टाकलं. शेजारी म्हणाला, "व्हय की. मागल्या महिन्यात एक गेलं न्हाई का वस्तीवरनं? शेवटी पाटात मरून पडलं."

रेबीज फक्त कुत्र्याला होतो असं बऱ्याच जणांना वाटतं. गायीलाही होतो. तिचा घसा लुळा पडतो, गिळता येत नाही, म्हणून लाळ गळते. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी अडकलंय. आणि विषाणू नेमका त्या लाळेतच असतो.

"हिच्या तोंडात कुणी हात घातला?"

दाराशी आप्पांची सून उभी होती, सुवर्णा. पोट दिसत होतं. तिने उजवा हात पदराखाली घेतला.

"दाखव."

हातावर उसाच्या पाल्याने चिरलेल्या रेघा होत्या. काही ताज्या. चिरलेल्या कातडीवर अशी लाळ लागणं म्हणजे चावल्यासारखंच.

मी तिला बोअरच्या पाइपखाली नेलं. कपड्याचा साबण, वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. हा पहिला उपचार, आणि तो घरचाच आहे. मग लस. आणि जखमेत सीरम, म्हणजे लस काम करू लागेपर्यंत तग धरायला तयार प्रतिकारशक्ती.

आप्पा मागोमाग आले. ते गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. "मॅडम, ते नाव घेऊ नका. विषबाधा लिहा."

"आणि हिचं काय?"

"सहावा हाय तिला. सुया न्हाई टोचायच्या."

"ही लस गरोदरपणात चालते."

"रिपोर्ट येऊ द्या. मग बघू."

मी तिथूनच माझ्या वरच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "चेअरमनचा गोठा आहे. घाई करू नका. खात्री झाल्यावर बोला."

"साहेब, खात्री गाय मेल्यावर होईल. बाईत लक्षणं दिसली की औषध नाही."

"मग मला कशाला विचारताय? पाठवा तिला दवाखान्यात."

सुवर्णा अजून हात चोळत होती. पाण्याच्या आवाजाआड म्हणाली, "आप्पांनीच सांगितलं मला. तुझा हात बारीक हाय म्हणून. गाय अडली की वासरू पण मीच वढते."

तेव्हा मला आप्पा कळले. दुधाची काळजी होतीच. पण गायीला रेबीज आहे असं मानलं, तर सुनेचा हात त्या जबड्यात आपण घातला हेही मानावं लागणार होतं. आमच्याकडे प्रत्येक गोठ्यात एक बारीक हात ठरलेला असतो. बहुतेक वेळा तो सुनेचा.

मी आप्पांकडे वळले. "आप्पा, तुम्ही सांगितलंत ते सगळेच सांगतात. त्यात पाप नाही. पण आता गाडी काढली नाहीत, तर मात्र आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आत गेले आणि किल्ली घेऊन आले.

जवळच्या दवाखान्यात लस होती, सीरम नव्हतं. फोन करत करत ते दौंडला सापडलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "अजून कुणी?" आप्पांनी बाही वर केली. "काल मी गूळ चारला तिला. बोटं चाटली तिनं." अंगठ्याला जुनी भेग होती. दिवसभर ते याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

गाय मेली. मेंदूचा नमुना पाठवला, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तोवर दोघांचे डोस सुरू झाले होते. दूध संकलनावर आप्पांनी स्वतःच सांगितलं, "माझ्या गोठ्यातलं दूध तुमच्यात मिसळलं न्हाई. पण माझ्याकडनं नेऊन कच्चं कुणी प्यायलं असंल तर मॅडमला भेटा." दोन-चार घरं आली. संस्था चालूच आहे.

पण रेबीजला घाई नसते, तो महिने वाट बघू शकतो. त्या वस्तीवरून फोन आला की मी हातातलं काम टाकून आधी तो घ्यायचे.

बाळंतपणाच्या तोंडावर सुवर्णाचा फोन आला. "मॅडम, पाणी गिळताना घसा दुखतोय."

मी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात होते. जीप बाजूला घेतली. "तांब्या आण. फोन कानाशी धर आणि पी."

भांड्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. मी फोन कानाला घट्ट दाबला. रेबीजच्या रुग्णाला पाणी समोर आलं तरी घशात पेटके येतात.

मग घोट ऐकू आला. एक, आणखी एक. मग ती खोकली आणि शिंकली.

"सर्दी हाय का गं तुला?"

"व्हय. घरात समद्यांनाच हाय. आप्पा म्हनले, तरी मॅडमला इचार."

मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत.

त्या दिवशी ग्लोव्हज होते आणि मी लसही आधीच घेतली होती, तरीही मी हात घातला नाही. ती लस नोकरीत कुणी मागितली नव्हती, मीच जाऊन घेतली होती. नवीन डॉक्टर रुजू होताना क्वार्टर विचारतात, गाडी विचारतात. लशीचं मला आजवर कुणी विचारलेलं नाही, म्हणून आता मीच विचारते. बाकी शेतकऱ्यांसाठी एवढंच: गाय लाळ गाळायला लागली की आधी कूस बघा. फुगलेली नसेल तर हात बारीक असो की जाड, खिशात ठेवा आणि फोन करा.