वाळूवर सोडलेला वाटा

मलकापूरच्या बाजारात पत्रकं वाटता वाटता सुक्या बांगड्यांचा वास आला आणि हात थांबला.

कॉलेजात असताना मच्छीमारांच्या हक्काची पत्रकं घेऊन मी मालवणकडे गेलो होतो. सकाळी किनाऱ्यावर सगळं गाव रापणीचं जाळं ओढत होतं. मीही त्या ओल्या, खरखरीत दोराला हात लावला. तळहात सोलून निघाले. जाळं वर आलं, मासळीचे वाटे पडले आणि एका म्हातारीनं चार बांगडे माझ्यापुढे ठेवले.

मी तापलोच. गरिबाच्या तोंडचा घास मी घेऊ? म्हटलं, "मले नको मावशी. तुमच्या पोराइले द्या."

"दोर ओढलंस मा? मगे हो तुजो वाटो. फुकट राबवूक आमी काय सावकार?"

बाया हसल्या. बांगडे वाळूवरच सोडून मी ताठ मानेनं निघालो. वळून पाहिलं, तर ते तसेच पडले होते. एकानंही हात लावला नव्हता.

वाटा नाकारणं तेव्हा मले माणुसकीचं वाटलं. पण त्या दिवशीच्या पत्रकावर, आजच्यासारखंच, मोठ्या अक्षरात छापलं होतं: 'ज्याचे कष्ट, त्याचा वाटा'. लिहिणारा मीच. मग ते चार बांगडे कोणाचे होते बे?