पाणी थंड, स्क्रू गरम

१९७४ साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, तपासणीला आलेल्या शिक्षणखात्याच्या साहेबांचे बोट शिरूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत भाजले.

प्रयोग साधा होता. तारेची गुंडाळी पाण्यात बुडवायची, तिच्यातून वीज सोडायची आणि पाणी तापते हे थर्मामीटरवर दाखवायचे. विज्ञानाचे सर हंगामी होते. साहेबांचा शेरा चांगला पडला तरच ते कायम होणार होते. गावातली वीज दिवसा पंपांनाच पुरत नसे, म्हणून मोटारीची बॅटरी त्यांनी दौंडला चार्ज करून एसटीने आणली होती.

खंडेनवमीला शिपाईमामांनी विळा, कुदळ आणि शाळेच्या घंटेबरोबर प्रयोगाचे सामानही पूजेला मांडले होते. गुंडाळीच्या पितळी स्क्रूंवर ओले कुंकू वाळून बसले होते. सरांना ते तपासणीच्या सकाळी दिसले.

"मामा, हे काय केलंत?"

"हत्याराला कुकू लावत्यात, सर. ह्ये तुमचं हत्यार न्हाई व्हय?"

"अहो, यातून वीज जायची आहे!"

"मग देवाचं कुकू आडवं येतंय व्हय?"

सरांनी ब्लेड काढले. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. "खरवडू नका. साहेब ऑफिसात बसलेत, कपाळाला अंगारा आहे. फडक्यानं पुसा."

सरांनी फडके फिरवले. आट्यांतले कुंकू तसेच राहिले.

आम्ही नववीत होतो. थर्मामीटर माझ्या हातात होता. साहेब वर्गात येऊन बसल्यावर सरांनी स्क्रूंना बॅटरीच्या वायर जोडल्या, पण पारा हलेना.

"नीट वाच," सर म्हणाले.

"सर, तेवढंच आहे."

"नीट वाच म्हणतो ना!" पारा मीच धरून ठेवल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते.

जोडणी सैल आहे का हे पाहायला साहेबांनी स्क्रूला बोट लावले आणि झटकन मागे घेतले. "अहो मास्तर, इथं पापड भाजेल!"

बाकांवर हशा झाला.

"साहेब, त्या घाणीमुळे तिथं रोध वाढलाय," सर वैतागून म्हणाले. "उष्णता सगळी तिथंच होतेय. पाण्यापर्यंत पोचतच नाही."

"घाण न्हाई, कुकू हाय त्ये," मामा दारातून म्हणाले.

साहेबांनी बोट पाण्यात बुडवले आणि कुंकू खरवडायला सांगितले. सरांनी ब्लेड चालवले. त्यानंतर पाणी तापले.

दिवाळीनंतर सरांना कायम केल्याचा आदेश आला. पुढच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रयोगाचे सगळे सामान कपाटात ठेवून कुलूप लावले. मामांनी कुलपाला कुंकू लावले.