पिको-फॉलवाल्या मावशीचं लोकेशन

एकोणीस वर्षं झाली, मी घरोघर फिरून टी.बी.च्या पेशंटच्या गोळ्या तपासते. पाकिटातल्या किती संपल्या, किती राहिल्या, मळमळतं का, वजन वाढलं का, एवढंच विचारायचं. काम सोपं आहे. अवघड आहे ते दारापर्यंत जाणं. या आजाराचं नाव एकदा गल्लीत फुटलं की औषधानं बरा होत आलेला माणूस शेजाऱ्यांच्या नजरेनं पुन्हा खचतो. म्हणून संस्थेनं दिलेलं ओळखपत्र माझ्या पर्सच्या तळाशी असतं, आणि संस्थेचा ॲप्रन मी आजवर एकदाही गल्लीत घातलेला नाही.

त्याऐवजी मी सोंगं घेते. एका घरी मी नवऱ्याची लांबची आत्या आहे, दुसरीकडं बचत गटाची बाई. एका घरी मी मुलीच्या शाळेतली मॅडम होते, तर शेजारणीनं आपल्या पोराला माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, "मॅडम, याला जरा बोला, अभ्यासच करंना झालाय." मी त्याला चांगली दहा मिनिटं बोलून आले. कुठल्या गल्लीत आपण कोण, हे तेवढं लक्षात ठेवावं लागतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि माझ्या मुठी तर गल्लोगल्ली झाकलेल्या होत्या.

त्यातलं सगळ्यात यशस्वी सोंग म्हणजे पिको-फॉलवाली मावशी. विद्यापीठाच्या रस्त्याला लागून एक गल्ली आहे. तिथं घर तिथं भाड्याच्या खोल्या आणि खोली तिथं स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी. या गल्लीत माझी एक पेशंट होती. पस्तिशीची, वैजापूरकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा बिडकीनला ठेकेदाराच्या हाताखाली, काम असलं तर असलं. घर चालायचं ते तिच्या डब्यांवर. चौदा मुलांना ती दोन वेळचा डबा द्यायची. आजार कळला तेव्हा सासूचं दुखणं सांगून तिनं दोन महिने डबे बंद ठेवले, थुंकीची तपासणी स्वच्छ आली आणि डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं तेव्हाच पुन्हा चूल पेटवली. आता तिच्यापासून कोणालाही धोका नव्हता. पण ते डॉक्टरांच्या कागदावर. गल्लीला कळलं असतं तर चौदातला एकही डबा राहिला नसता. ती पहिल्याच दिवशी मला म्हणाली होती, "मावशी, जीव गेला तरी चालंल, पण हे नाव इथं निघू देऊ नका." मी शब्द दिला होता.

म्हणून मी तिथं पिशवीत साडी घालून जायची. पण सोंगाचं एक असतं, ते नीट वठलं की अंगाशी येतं. गल्लीतल्या बायका मला थांबवून खरोखरच साड्या द्यायला लागल्या. मला साधं बटण धड लावता येत नाही. मी त्या साड्या गुलमंडीतल्या एका टेलरकडं टाकायची आणि चार दिवसांनी परत आणायची, हे गुपित फक्त माझ्या पेशंटला माहीत होतं. बायका म्हणायच्या, "मावशी, तुमच्यासारखा हात नाय कुणाचा." मी मान खाली घालून कौतुक घ्यायची. समोरच्या घरमालकिणीनं तर लेकीच्या लग्नातली साडी माझ्यावर सोपवली होती. साडी झाली का, हे विचारायला त्यांना माझा नंबर लागायचा. मीही त्यांचे नंबर जपून ठेवले होते. कुणाकडं कोणत्या रंगाचा फॉल, हे मला पेशंटच्या वजनाइतकंच पाठ होतं.

मग ॲप आलं. आमच्या सुपरवायझर मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या, हुशार आणि मनानं चांगल्या. त्यांनी आम्हा बायकांचे फोन एकेक करून हातात घेतले आणि त्यात ते घातलं. "काही नाही ताई, लोकेशन फक्त ऑन ठेवायचं. बाकी सगळं ते आपोआप करतं." ते आपोआप करायचं हे खरं. मी कुठल्या चौकात किती वेळ उभी राहिले, चहाला कुठं थांबले, सगळं त्याला कळायचं. नकाशावर माझा एक हिरवा टिपका चालत राहायचा. पेशंटच्या दाराशी गेल्याशिवाय भेटीची खूण पडायची नाही. आधी मी कोपऱ्यावर थांबायची आणि ती डबेवाली साडी घेऊन बाहेर यायची, ते आता बंद. दारात उभं राहून दाराचा फोटो काढायचा आणि आम्हा कार्यकर्तींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. फोटोखाली आपोआप एक पट्टी यायची. तिच्यावर गल्ली, वेळ, तारीख आणि छोटासा नकाशा. त्या पट्टीवर शहराचं बदललेलं नवं नाव, गल्लीचं नाव मात्र ॲपनं असं काही लिहिलेलं की गल्लीतल्या माणसालाही ओळखू येऊ नये. ते बघून मला उगाच धीर आला.

मी भांडले नाही. आता लाज वाटते, पण भांडले नाही, हे खरं आहे. उलट मी माझी हुशारी चालवली. फोटोत माणूस येऊ द्यायचा नाही, चेहरा नाही, पाटी नाही, फक्त दार. चेहरा नाही म्हणजे माणूस नाही, असं माझं गणित. मॅडमही म्हणाल्या, "तुमचे फोटो बघा, किती व्यवस्थित." एका शनिवारी त्यांनी माझ्या आठवड्याभराच्या फोटोंचं एक सुंदर चित्र करून ग्रुपवर टाकलं. वर संस्थेचं नाव आणि 'क्षयरोग रुग्ण गृहभेट', मध्ये माझा फोटो, भोवती सहा दारं आणि खाली 'या आठवड्यातील उत्कृष्ट कार्यकर्ती'.

एकोणीस वर्षांत मला कुणी उत्कृष्ट म्हटलं नव्हतं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. जेवण झाल्यावर दुपारी सोफ्यावर पाय पसरले आणि ते चित्र स्टेटसला ठेवलं. ठेवण्याआधी बोटांनी मोठं करून एकेक दार तपासलं, कुठं चेहरा तर नाही ना. नव्हता. मग निवांत झोपले.

चार वाजता फोन वाजला. घरमालकीण होती.

"मावशी, तुमी टी.बी.वाल्या हायेत व्हय?"

मी सोफ्यावर उठून बसले.

"आन् ते दार आमच्या समोरचंच हाय ना? खिडकीत डबे पालथे घातलेले दिसायलेत की."

डबेवालीचं ते दार मी मोठं करून बघितलं होतं. डबेही दिसले होते. ओळीनं वाळत घातलेले चौदा स्टीलचे डबे. मला ते भांडी वाटले. गल्लीला ती तिची सही वाटली. आपण शहरातली माणसं एकमेकांचे चेहरे विसरतो, दार विसरत नाही, हे एकोणीस वर्षं दारोदार फिरून मला कळलं नव्हतं.

"माझी साडी हाय तशी परत आणा," घरमालकीण म्हणाली. "फॉल नका लावू. आन् दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवा."

मी स्टेटस काढलं. काढण्याआधी त्याच्या खालचा डोळा दाबला. तिथं कोणी कोणी पाहिलं, ते ओळीनं येतं. मी वाचत गेले. माझी बहीण, माझा भाचा, दूधवाला. मग जांभळा फॉल. मोरपंखी फॉल. दोन साड्या पिको. त्या गल्लीतल्या माझ्याकडच्या सगळ्या बायका तिथं होत्या. मी त्यांना साड्यांवरूनच ओळखत होते आणि नंबरही तसेच ठेवले होते. त्या यादीत माझी पेशंट स्वतः नव्हती. तिनं अजून पाहिलं नव्हतं.

तिला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांगावं म्हणून मी रिक्षा केली. ती कणीक मळत होती. मी जे केलं ते जसंच्या तसं सांगितलं, पदरचं काही घातलं नाही. तिचे हात परातीत थांबले. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमी तर म्हणायच्या, कुणाला कळणार नाय."

"हो."

"मी नवऱ्याच्या बहिणीलाबी सांगितलं नव्हतं, मावशी. फकस्त तुमालाच म्हाइत होतं."

मग ती पुन्हा मळायला लागली, कारण संध्याकाळचे डबे जायचे होते. त्या संध्याकाळी चौदातले पाच परत आले, झाकण न उघडलेले. दुसऱ्या दिवशी आणखी सहा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेले. तिला म्हटलं, मला ताट वाढ. आणि ताट घेऊन बाहेर ओट्यावर, गल्लीच्या मधोमध म्हणावं तशी बसले. पिठलं होतं, भाकरी होती, ठेचा होता. माझी आई पैठण तालुक्यातल्या एका खेड्यात वाढली. तिच्या हातचं पाणी गावात घेत नसत. आमच्या घरानं बाबासाहेबांच्या मागं जाऊन धम्म स्वीकारला तरी आईच्या मनातली ती न घेतलेल्या पाण्याची घागर भरलेलीच राहिली. कुणाच्या हातचं न खाणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. म्हणून मी सगळ्यांना दिसेल असं, हळूहळू, बोटं चाटून जेवले. घरमालकीण गॅलरीतून बघत होती. मला वाटलं, मी मोठंच काही करते आहे.

ताट आत नेलं तेव्हा ती म्हणाली, "तुमी खाल्लं तर काय झालं. तुमचं कामच हाय ते. पोरांनी खाल्लं पायजे."

खरं होतं. जेवून कुणाचं पाप फिटत नाही, भूक तेवढी भागते.

ऑफिसात मात्र मी भांडले. आवाज चढला, टेबलावर हातही आपटला. मॅडम पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, "ताई, फोटो ग्रुपसाठी होता. स्टेटस तुम्ही ठेवलं." तेही खरंच होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "स्टेटस माझं पाप. पण ग्रुपवर चाळीस जणी आहेत. चाळीस फोन घरोघरी पोरांच्या हातात असतात. तिचं दार तिथं कशाला पाहिजे होतं? मी खोटं काम करते का हे बघायचंय तर मला बघा. माझ्या मागं टिपका लावा, मी नाही म्हणत नाही. पण टिपका माझ्यावर लावलात आणि पत्ता फुटला तिचा." मॅडमनी ते वरच्यांना लिहून पाठवलं, हे त्यांचं मोठेपण. काही आठवड्यांनी दारांचे फोटो ग्रुपवर टाकणं बंद झालं. आता ते सरळ ऑफिसला जातात. तिथं ते कोण बघतं आणि किती दिवस ठेवतं, हे मी विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही, आणि मीही अजून विचारायचं सोडलेलं नाही.

महिना संपायच्या आत तिनं ती खोली सोडली. मी गेले तर दाराला कुलूप, खिडकी रिकामी. ॲप म्हणत होतं की मी बरोबर ठिकाणी आहे. औषधाचे अजून सव्वादोन महिने राहिले होते. अर्ध्यावर गोळ्या सुटल्या तर हा आजार दुप्पट जोरानं उलटतो, आणि ती उलटण्याचं कारण मी होणार होते. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. तिचा फोन बंद लागत होता.

नवव्या दिवशी एका नव्या नंबरावरून तिचाच फोन आला.

"मावशी, गोळ्या परवा संपायल्यात. तो टेलर हाय ना तुमचा, त्याच्या दुकानापाशी या. आन् फोन घरी ठेवून या."

मी फोन घरी ठेवून गेले. पुढं दर वेळी तसंच. ॲपनं त्या त्या दुपारी मला कामावर गैरहजर धरलं. मी मॅडमना तोंडी सांगून ठेवलं होतं, औषध पोचतंय, कुठं ते विचारू नका. त्यांनी विचारलं नाही. गुलमंडीच्या गर्दीत, लटकवलेल्या साड्यांच्या आडोशाला, मी तिची रिकामी पाकिटं मोजायची आणि नवी द्यायची. ती एक दिवसही चुकली नाही.

शेवटच्या दिवशी तपासणीचा कागद घेऊनच गेले. बरी झाल्याचा. तिनं तो दोनदा वाचला, घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला. मग पिशवीतून एक डबा काढून माझ्या हातात दिला. गरम होता.

"डबे चालू केलेत मी. लई पोरं हायेत तिकडं. पयल्यापेक्षा जास्त."

मला इतका आनंद झाला की तोंडातून निघूनच गेलं, "कुठं राहायलीस गं आता?"

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. आपल्या माणसाकडं बघावं तशी.

"मावशी, तुमच्यावर राग नाय माझा. तुमी नसत्या तर मी आज नसते. पण ते इचारू नका."

एकोणीस वर्षांत शेकडो माणसांनी मला आपलं दार दाखवलं होतं, न विचारता. हिनं नाही म्हटलं. मला लागलं. आणि तिचं अगदी बरोबर होतं.

"नाही विचारत," मी म्हटलं.

तिनं पिशवी खांद्याला लावली आणि निघाली. ती कोणत्या बाजूला वळते ते दिसू नये म्हणून मी दुकानाकडं तोंड करून उभी राहिले.