आबांच्या समाधीवरची कोरियन फरशी

उंब्रजच्या फाट्यावर पुण्याची एसटी उशिरा आली. तोवर अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्या बॅगेवर हात ठेवून उभे होते. सोडायला ते एकटेच आले होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी एकुलती. फाट्यावरच्या चहावाल्याने विचारलं, "ताई कुठं निघाल्या?"

"कोरियाला," अण्णा म्हणाले. "आमच्या घरची वहिवाटच हाय ती. आबांस्नी सरकारनं न्हेलं हुतं, ही सोताच्या पायानं निघालीया."

चहावाला हसला. अण्णा हसले नाहीत. गाडीत बसल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचलीस की फोन कर. न्हाई पोचलीस तरी कर."

आबा म्हणजे माझे आजोबा, लष्करात हवालदार. कोरियातलं युद्ध थांबल्यावर कैद्यांच्या देखरेखीसाठी भारताने जे सैनिक पाठवले, त्यांत ते होते. परत येताना त्यांनी एक कांबळं आणि चिनी मातीची एक पांढरी फरशी आणली. कांबळं वापरून संपलं. फरशी वीतभर रुंद, त्याहून थोडी उंच आणि बोटभर जाड होती. तिच्यावर निळ्या रंगात, वरून खाली उतरणाऱ्या ओळींत अक्षरं होती. तंबूसाठी चर खणताना ती कुदळीला लागली, असं आबा सांगत. अक्षरं आहेत म्हणून टाकवली नाही, एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. आमच्या घरात छापील कागदावरही पाय पडू देत नसत.

आबा गेल्यावर अण्णांनी उसाच्या बांधावर, हमरस्त्याच्या बाजूला, त्यांची समाधी बांधली. गवंड्याने ती फरशी समाधीच्या दर्शनी भागात सिमेंटने बसवली. पुढच्या पुण्यतिथीला अण्णांनी पेंटर बोलावून फरशीच्या खालच्या अर्ध्या भागावर पांढऱ्या तेलरंगाचा हात मारला आणि त्यावर लाल रंगात आबांचा हुद्दा, नाव आणि गाव लिहून घेतलं. दर वर्षी रंगाचा नवा हात बसे, अक्षरं पुन्हा गिरवली जात. वरच्या अर्ध्या भागात निळी अक्षरं तशीच राहिली. ती काय सांगतात हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

साताऱ्यातल्या एका दैनिकात मी उपसंपादक होते. बातमीत आधी माणसाचं नाव, मग गाव, मग वय, आणि यातलं काही चुकलं तर बाकीचं कितीही चांगलं लिहिलेलं असलं तरी ते बाद, हे मी तिथे शिकले. पुढे पुण्यात कोरियन भाषा शिकले, कारखान्यांत दुभाषी म्हणून काम केलं आणि तिथून सोलला गेले. सोलमध्ये जुन्या वस्तूंच्या बाजारात हान बाईंचं दुकान आहे. त्यांना परदेशी गिऱ्हाइकांसाठी वस्तूंची माहिती लिहिणारं कुणीतरी हवं होतं. मी ते काम धरलं आणि अजून करते.

हान बाईंनी पहिले काही महिने मला वस्तूंचे चेहरे पाहू दिले नाहीत. भांडं पालथं करायचं आणि बूड बघायचं. बुडाशी भट्टीतली वाळू चिकटली आहे का, झिलई, म्हणजे भाजताना चढणारा काचेसारखा थर, कुठे थांबली आहे, उघडी माती हाताला कशी लागते. चेहरा नकली करणारे पुष्कळ असतात, त्या म्हणत, पण बुडाशी बहुतेकांचा धीर सुटतो. नवं भांडं चहात उकळून जुनं केलेलं असतं, ते वासावरून कळतं. निळा रंग झिलईखाली आहे की वर, हे नखाने कळतं. खाली असेल तर वस्तू टिकेपर्यंत तो टिकतो. वर जे काही चढलं असेल, रंग, मेण, धूर, ते उतरवता येतं.

एकदा त्यांनी टेबलावर कापड पसरून त्यावर एक पांढरी फरशी ठेवली. तिच्यावर निळी, उभी अक्षरं होती. त्या म्हणाल्या, ही जिसॉक. पूर्वी इथे मोठा माणूस वारला की त्याचं नाव, घराणं, कामगिरी आणि त्याला कोणत्या डोंगरात, कोणत्या दिशेला तोंड करून ठेवलं, हे अशा फरशांवर लिहून भाजून घेत आणि थडग्यात पुरत. वरची खूण वाहून गेली तरी आत कोण आहे ते कळावं म्हणून. बाजारात येणारी प्रत्येक जिसॉक कुणाच्या तरी थडग्यातून निघालेली असते. म्हणून ती विकत घ्यायची नाही, तिचा वारस शोधायचा.

मी म्हणाले, "अशी एक आमच्या बांधावर आहे."

अण्णांनी पुण्यतिथीला पाठवलेला फोटो माझ्या फोनमध्ये होता. हान बाईंनी तो मोठा करून बराच वेळ वाचला. प्रत्येक ओळीचा वरचा अर्धा भाग वाचता येत होता, खालचा आबांच्या नावाखाली होता. मिळालं ते असं: आडनाव युन, त्यांच्या घराण्याचं मूळ गाव, एक सरकारी हुद्दा. शेवटच्या ओळीत 'पुरले' हा शब्द होता आणि त्याच्या लगेच खाली तेलरंग सुरू होत होता.

कोरियात आडनावं मोजकी आहेत, म्हणून आडनावाआधी घराण्याचं मूळ गाव सांगतात. त्या गावात आज घराण्यातलं कुणी राहत नसलं तरी चालतं. घराण्यांच्या वंशावळी छापलेल्या असतात. त्यामुळे वारस सापडायला फार वेळ लागला नाही. युन आजोबा दुकानात आले, ते काठी टेकत. ऐंशीच्या पुढचे, निवृत्त शिक्षक. त्यांच्या घराण्याची थडगी ज्या डोंगराळ भागात होती, तो भाग युद्धाच्या रेषेवर आला होता. तोफांनी तो फोडला, नंतर छावण्यांनी सपाट केला आणि आता तो सैन्याच्या ताब्यात आहे. त्यांच्या वडिलांनी शेवटपर्यंत जागा शोधली, नंतर त्यांनी. वंशावळीत या पूर्वजापुढे 'थडगं अज्ञात' असं छापलेलं आहे.

"डोंगराचं नाव आणि तोंडाची दिशा मिळाली तर सैन्याकडे परवानगी मागता येईल," ते म्हणाले. "एकदा जागेवर जाऊन नमस्कार घालायचा आहे. माझ्यानंतरची मुलं जाणार नाहीत. त्यांना तेवढं वाटत नाही."

हान बाईंनी त्यांना समजावलं की निळा रंग झिलईखाली आहे. तेलरंग काढायला त्यांच्या कारागिराला एक दुपार पुरेल. युन आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

त्याच सुमारास आमच्याकडे हमरस्ता रुंद होत होता. बांध रस्त्यात जाणार हे ठरलं होतं, समाधी हलवावी लागणार हेही. मी अण्णांना फोन केला. फरशी काय आहे, तिच्यावर काय लिहिलंय, तिचा वारस कोण, सगळं सांगितलं. मी रजा काढून येते, तोवर हात लावू नका, म्हणाले.

अण्णांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी आबांनी थडगं उकरलं?"

"त्यांना ठाऊक नसंल, अण्णा."

"आन् आमी त्याच्या नावावर आबांचं नाव घातलं."

"व्हय."

"आता तुमी काय करनार?"

"वरचा रंग उतरवणार. मग खालचं वाचता येईल."

"बरं," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

मी उंब्रजला पोचले तेव्हा बांध नव्हता. ऊस आधीच तोडलेला होता आणि जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा होत्या. समाधी होती तिथे मुरूम पसरला होता. अण्णा घरी ओसरीवर बसले होते.

"फरशी कुठं हाय, अण्णा?"

"लावली मार्गी."

यंत्र ठरल्याच्या आधी आलं होतं. यंत्राच्या दाताखाली समाधी जाऊ नये म्हणून अण्णांनी ती आदल्या दिवशी स्वतः छिन्नीने उकलली. फरशी अखंड निघाली. आमच्याकडे पूजेतली वस्तू जागेवरून हलली की ती कचऱ्यात जात नाही, नदीत सोडतात. समाधीचे दगड त्यांनी कृष्णा आणि तारळी मिळतात तिथे नेले. फरशीसुद्धा.

"भटजीस्नी बोलावलं," अण्णा म्हणाले. "त्यांनी इचारलं, नाव-गोत्र काय? मी म्हनलं, ठाव न्हाई, आबांचा कोरियातला पाव्हणा हाय असं म्हना. त्याच्या नावानं भाताचा पिंड ठिवला. आबांच्या येळंला कावळा शिवंना, दुपार झाली हुती, ध्यानात हाय का तुझ्या? ह्याच्या येळंला लगीच शिवला. लय दिस उपाशी असंल."

मी म्हणाले, मी येईपर्यंत घरात ठेवायची होती.

"मयताची वस्तू घरात?"

"मग गोठ्यात."

"गोठ्यात?" अण्णांचा आवाज पहिल्यांदा चढला. "माणूस हाय त्यो."

मग ते स्वतःच पुढे म्हणाले, "तुमी काय करनार हुता? आबांचं नाव खरवडनार आन् त्याचं वाचनार. मी त्या म्हाताऱ्याचा इचार केला न्हाई असं न्हाई. चार रात्री केला. पन माझ्या हातानं ती फरशी तुला द्यायची म्हंजी आबांस्नी पुसायला द्यायची. मला न्हाई जमलं. दोघांस्नी संगट सोडलं."

बातमीदाराच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही बाजू मिळाल्या होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

मारुती भोई लहानपणापासून त्या संगमाच्या डोहात उतरतो. त्याला घेऊन आम्ही नदीवर गेलो. अण्णांनी काठावरून जागा दाखवली. धरणातून पाणी सोडलेलं होतं. मारुती पुन्हा पुन्हा बुडी मारून वर आला.

"सोनं-बिनं हाय का काय ताई? येवडी धडपड?"

"चिनी मातीची फरशी हाय."

"मंग न्हाई गावायची. गाळ कमरंएवढा हाय, आन् पानी रोज हालतंय." त्याने अण्णांकडे पाहिलं. "आवं अण्णा, टाकताना वाईच सांगायचं तरी. कडंला टाकाय लावलं असतं."

"टाकली न्हाई," अण्णा म्हणाले. "सोडली."

दुसऱ्या दिवशीही शोधलं. बुडालेल्या मूर्ती निघाल्या, घागर निघाली, समाधीचे दोन दगड निघाले. अण्णांनी ते दगड पुन्हा पाण्यात सोडायला लावले.

सोलला परतल्यावर मी युन आजोबांच्या घरी गेले. जे झालं ते क्रमाने सांगितलं, काही न गाळता. कावळ्याचंही सांगितलं. त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला: तुमच्या वडिलांनी भात ठेवला तेव्हा त्यांचं तोंड कोणत्या दिशेला होतं? दक्षिणेला, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. त्यांना हवी असलेली दिशा ती नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. चहा तसाच राहिला. दारापर्यंत पोचवायला ते उठले नाहीत. त्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. त्यांच्या मुलाने दुकानात फोन करून शोध थांबवायला सांगितलं. वंशावळीतला मजकूर आहे तसाच राहील.

हान बाई या प्रकरणावर एकदाच बोलल्या. चांगल्या भट्टीतली झिलई पाण्यात शेकडो वर्षं टिकते, त्या म्हणाल्या. तेलरंग काही पावसाळ्यांत सुटेल. म्हणजे अण्णांना जे होऊ द्यायचं नव्हतं, ते नदी हळूहळू करणार आहे. खालची अक्षरं उघडी पडतील आणि ती वाचायला तिथे कुणी नसेल. हे मी अण्णांना कळवलेलं नाही.

गाव सोडून गेलेल्या ज्या लोकांनी मला या काळात फोन केले, त्यांतल्या बहुतेकांनी एकच विचारलं: आता गावाकडे तुझं काय उरलंय? त्यांच्यासाठी आणि मागे राहिलेल्यांसाठीही जे आहे ते लिहिते. घर आहे, पण त्याच्या समोरून आता सेवा रस्ता जातो आणि ओसरीवर बोललेलं ऐकू येत नाही. उरलेल्या शेतात ऊस आहे, तो दुसरे लोक करतात. अण्णा आहेत. जुन्या वस्तूंच्या धंद्यात वस्तू कुठून निघाली आणि कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, याला वस्तूपेक्षा जास्त किंमत असते. ती साखळी एका जागी तुटली की वस्तू कितीही सुंदर असली तरी तिच्यापुढे 'मूळ ठिकाण अज्ञात' असं लिहावं लागतं. मी रोज अशा वस्तू पाहते आणि तसं लिहिते. आमच्या घरात साखळीची पुढची कडी मी आहे. माझ्यापुढे कुणी नाही.

आबांची समाधी अण्णांनी पुन्हा बांधली नाही. परवा फोनवर मी त्याबद्दल विचारलं. मागे रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज होता, म्हणून ते मोठ्याने बोलत होते.

"माझीबी बांधू नगंस. मलाबी तिथंच सोड, दोघांच्या संगट. पन जागा नीट ध्यानात ठेव बाई. त्या म्हाताऱ्यागत कुनी इचारत आलं, तर दाखवता आली पायजे."

मी "ठेवते" म्हणाले. विचारत येईल असं कुणी नाही. दाखवू शकेल अशी मी एकटी, आणि मी सोलमध्ये राहते.