वीस जणांची गिनती

मला यादी केल्याशिवाय चैन पडत नाही. स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलेली एक वही आहे. तिच्यात रोज सकाळी दिवसभराची कामं लिहायची आणि काम झालं की पुढे खूण करायची, ही माझी सवय भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये लग्न होऊन आले तेव्हापासूनची. त्या यादीची पहिली ओळ कायम 'देवपूजा' असे. एका सकाळी मी ती लिहिली नाही. रागानं नाही, रडूनही नाही. आदल्या दिवशी साकेत नगरच्या डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ह्यांचं विसरणं वयाचं नाही, आजाराचं आहे, आणि ते आता वाढतच जाणार. आधी नावं जातील, मग रस्ते, मग माणसं. हातातलं कौशल्य सगळ्यात शेवटी जाईल. घरी येऊन मी गोळ्यांचं वेळापत्रक केलं, बँकेची कागदपत्रं एका फाइलमध्ये लावली, आणि दत्ताच्या तसबिरीपुढे उभं राहून विचार केला की इतकी वर्षं ही खूण नेमकी कशासाठी करत आले. उत्तर आलं नाही. म्हणून ओळ गेली.

हे मोठ्या कारखान्यात मशीन शॉपला होते. नोकरी सोडल्यावर गोविंदपुऱ्यात आमचं छोटं युनिट सुरू केलं. बुश, स्लीव्ह असे यंत्रांचे छोटे भाग बनवून त्याच कारखान्याला देत असू. लहान युनिटवाल्यांच्या संघटनेनं त्या वर्षी जर्मनीचा दहा दिवसांचा दौरा ठरवला. चार कारखाने पाहायचे, उरलेला वेळ फिरायचं. ज्या लेथवर, म्हणजे कातयंत्रावर, हे काम शिकले तो लेथ बनवणारा कारखाना यादीत चौथा होता. तो एकदा डोळ्यांनी पाहायचा, हे ह्यांच्या मनात तरुणपणापासून होतं. पुढच्या वर्षी ते लक्षात राहील की नाही, मला माहीत नव्हतं. आजाराचं कळलं तर संघटना नेणार नाही असं वाटून मी कुणाला काही सांगितलं नाही. व्यवस्था मात्र सगळी अंगावर घेतली, म्हणजे मला ह्यांच्यावर लक्ष ठेवता येईल. निदान तसा माझा समज होता.

आम्ही वीस जण होतो. त्यातले निम्मे आमच्या मराठी मंडळाचे जुने लोक. मंडळाच्या सहलीला, ओंकारेश्वर असो की पचमढी, बस सुटताना गिनती करायची एक रीत आहे. पहिला आकडा दत्ताचा. कुणीतरी मोठ्यानं 'दत्त एक' म्हणतं, मग प्रत्येक जण पुढचा आकडा बोलतो. माणसं चाळीस असली तर शेवटचा आकडा एक्केचाळीस आला पाहिजे. भोपाळच्या विमानतळावर जमलो तेव्हा खेडकरांनी सवयीनं 'दत्त एक' म्हटलं आणि मी त्यांना थांबवलं. खेडकर ह्यांचे मशीन शॉपमधले सोबती, आता युनिटवाले. मी म्हटलं, परदेशात घोळ नको, माणसं तेवढीच मोजायची, पहिला आकडा माझा, वीस म्हणजे वीस. खेडकर हसून म्हणाले, "म्हणजे देवाचं तिकीट काढलं नाहीत, वहिनी."

सातव्या दिवशी चौथा कारखाना होता. सकाळपासून बारीक, गार पाऊस. वाटेत नदीकाठच्या एका गावात अर्धा तास थांबलो, चर्चचा चौक पाहिला, कॉफी घेतली. मी बसमध्ये पुढे गाइडबाईंशेजारी बसत असे, हे मागच्या सीटवर खेडकरांबरोबर. त्या दिवशी खेडकरांना मळमळत होतं म्हणून ते पुढे येऊन बसले. निघायच्या वेळी कारखान्यातून फोन आला, आमची वेळ अलीकडे आणता येईल का म्हणून. मी फोन कानाशी धरूनच खेडकरांना गिनती घ्यायची खूण केली. ते बोलले, "दत्त एक, वहिनी दोन, मी तीन," आणि आकडे मागे गेले. मला सुरुवात ऐकू आली नाही. मागच्या रांगेतून 'वीस' आलं ते ऐकलं. मागच्या सीटच्या पाठीवर ह्यांचा कोट दिसला. मी प्रवासाच्या वहीत खूण केली आणि बस निघाली.

कारखान्याच्या फाटकावर पाहुण्यांचे बिल्ले वाटायचे होते. एकोणीस वाटले गेले आणि एक माझ्या हातात राहिला. त्यावर ह्यांचं नाव होतं.

मी नाव पुन्हा वाचलं. मग बसमध्ये जाऊन पाहिलं. सीटवर कोट होता. कोटाच्या खिशात हॉटेलचं नाव आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. ह्यांचा फोन हरवू नये म्हणून माझ्या पर्समध्ये होता. माझी सगळी तयारी बसमध्ये होती आणि ज्यांच्यासाठी केली ते चाळीस मिनिटं मागे, पावसात, एका सदऱ्यावर. खेडकर माझ्या मागे चढले होते. कोट पाहून त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "वहिनी, मी दत्त मोजला."

गाइडबाईंनी टॅक्सी मागवली. बाकीचे आत गेले, खेडकर माझ्याबरोबर आले. वाटेत मी त्यांना आजाराचं सांगितलं. पहिल्यांदाच मी ते कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते. खेडकर म्हणाले की त्यांना ते कधीच कळलं होतं. चार दिवस ह्यांच्या बुटांची नाडी तेच बांधत होते. फक्त मी सांगेपर्यंत थांबले होते.

चौक रिकामा होता. कॉफीचं दुकान बंद झालं होतं. नदीचा काठ दोनशे पावलांवर, आणि कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. मी काठाकडे गेले, परत आले, चर्चमध्ये डोकावले, पुन्हा काठाकडे गेले. कुठून सुरुवात करायची आणि पुढे काय करायचं, हे मला सुचेना. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. वही हातात होती, ती भिजत होती. मी चर्चच्या पायरीवर बसले आणि कित्येक महिन्यांनी दत्ताशी बोलले. नवस नाही, स्तोत्र नाही. एवढंच म्हटलं की माझ्याच्यानं मोजणं होत नाही आता, तू मोज.

चर्चची घंटा वाजत होती, ती थांबली. खेडकरांनी हात वर केला. "वहिनी, लेथ चालतोय कुठेतरी."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. ते चर्चच्या मागच्या बोळात शिरले, मी त्यांच्या मागे. अर्धवट उघडं लाकडी दार होतं, आत पिवळा दिवा. एक वयस्कर जर्मन गृहस्थ बाजूला उभे होते, त्यांच्या अंगात नुसता स्वेटर. त्यांचा जाड कोट ह्यांच्या खांद्यावर होता. हे लेथवर वाकून एक पितळी तुकडा कातत होते. हाताला जराही कंप नव्हता. पायाशी एक म्हातारं कुत्रं ह्यांच्या ओल्या बुटांवर अंग टाकून झोपलं होतं. दत्ताच्या तसबिरीत पायाशी कुत्री असतात हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्याबद्दल मी याहून जास्त काही म्हणणार नाही. कुत्रं होतं आणि ह्यांचे पाय गरम होते.

ह्यांनी मला पाहिलं, मशीन बंद केलं आणि विचारलं, "झाली गिनती?"

खेडकर पुढे झाले आणि म्हणाले की चूक माझी, देवाला मोजायचं बंद केलंय हे मी विसरलो. हे त्यांच्याकडे पाहून हसले. "बरं झालं. मला वाटलं, विसरणारा मी एकटाच."

आजाराबद्दल हे स्वतःच्या तोंडानं तेव्हा पहिल्यांदा बोलले. मी त्यांच्यापासून जे लपवत होते, ते त्यांना माहीत होतं, आणि ते माझ्यासाठी लपवत होते.

त्या गृहस्थांना आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्यांची. बहुधा मशीनच्या आवाजामागे हे आत गेले असावेत आणि हातांकडे पाहून त्या माणसानं जागा करून दिली असावी. लेथ त्याच कारखान्याचा होता, ह्यांच्या शिकाऊपणीचंच मॉडेल. कारखाना आमचा चुकला. बाकीच्यांनी नंतर सांगितलं की तिथे सगळी मशीनं काचेमागे होती, हात कुणालाच लावता आला नाही. मी वाकून त्या गृहस्थांना नमस्कार केला. त्यांनी कोट परत घेतला आणि तो पितळी तुकडा ह्यांच्या खिशात टाकला.

हे सगळं लिहिताना चमत्कार म्हणावं असं मला काही दाखवता येत नाही. चूक आमची होती, आणि ह्यांची रिकामी जागा आमच्याच रितीनं भरली. एवढंच मनात राहतं की त्या दिवशी बसमध्ये ह्यांच्या जागी दत्त मोजला गेला, आणि ह्यांच्यापाशी कुणीतरी होतं. मी मात्र दोन्हीकडे नव्हते, मी फोनवर होते.

त्यानंतर ह्यांचा आजार थांबलेला नाही. युनिट खेडकरांच्या मुलाकडे दिलं. ह्या हिवाळ्यात माझं नावही गेलं. मी कोण हे विचारत नाहीत, पण मी उठले की बेचैन होतात. वहीत 'देवपूजा' पुन्हा लिहिते, पुढे खूण मात्र करत नाही. ते काम पूर्ण होण्यातलं नाही, असं आता वाटतं. संध्याकाळी दिवा लावते, ह्यांना शेजारी बसवते. पितळी तुकडा तसबिरीपुढे असतो. मी 'दत्त एक' म्हणते आणि थांबते. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळानं, हे म्हणतात, "दोन." मग मी तीन म्हणते.

काल खूप वेळ गेला. ज्योत बारीक झाली तरी हे बोलले नाहीत. पूर्वीची मी असते तर उठून पुढच्या कामाला लागले असते. मी ह्यांचा हात हातात घेतला आणि त्यांच्या वतीनं 'दोन' म्हटलं, मग माझं 'तीन'. गिनती पूर्ण झाली. ती आमच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नव्हतीच कधी.