एका ताटात दोघं

माझं लग्न झालं होतं, सासरी धाडायचं राहिलं होतं, आणि त्या मधल्या वर्षात मला भूक लागली. भूक सगळ्यांनाच लागते, पण ही वेगळी होती. सकाळी वाडगाभर कण्या खाऊन उठावं, तर उंबरा ओलांडेपर्यंत पोट पुन्हा मोकळं. हातपाय मात्र पावसाळ्यातल्या पडवळासारखे लांब होत चालले होते. आमचं गाव चौसाळ्यापासून जवळच. घरात खाणारी तोंडं तीनच, आई, बाप आणि मी. तरी आईला भाकरीचं टोपलं पुरेना.

आईने आपल्या परीने बंदोबस्त करून पाहिला. जेवणाआधी हुलग्याचं माडगं पाजायची, म्हणजे भाकरीला जागा उरणार नाही असा तिचा डाव. मी माडगंही प्यायचे आणि भाकरीही खायचे. मग तिने टोपलं शिंक्यावर टांगलं. पण मी तोवर इतकी वाढले होते की शिंक्याला माझा हात सहज पुरायचा. “खायला काळ अन् भुईला भार!” ती करवादायची आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर चापटी मारून घ्यायची, कारण लेकराच्या खाण्याला बोलू नये, नजर लागते. पण गप्प बसणंही तिला जमत नसे. “सासरी कोन पोसनार गं तुला? सासू दुसऱ्या दिवशी माघारी आनून घालंल.”

बापाला वाटलं, पोरीला भस्म्या झाला. त्याने मला गाडीत घालून बीडला सरकारी हकिमाकडे नेलं. हकीमसाहेबांनी नाडी धरली, जीभ बघितली, माझ्या आखूड झालेल्या परकराकडे बघितलं आणि हसले. “लडकी बढ रही है, और क्या? पेटभर खिलाओ.” बाप खूश झाला, येताना मला रेवड्या घेतल्या. त्या वेशीपर्यंत पुरल्या नाहीत.

गोष्ट तिथेच मिटायची. पण मी जेवताना गुणगुणायचे.

मला स्वतःला ते कळत नसे. घास तोंडात असताना नाकातून बारीक सूर निघायचा, इतकंच. एकदा शेजारच्या आत्याबाई चुलीचा विस्तव न्यायला आल्या होत्या. गावात कुणाच्याही मयतीला आधी त्यांनाच बोलावणं जायचं, कारण मेलेल्यांचं सगळं त्यांना ठाऊक. त्या दारात उभ्या राहून माझं जेवण बघत राहिल्या. हातातल्या खापरावरचा विस्तव राखाडला तरी हलल्या नाहीत. मग आईला म्हणाल्या, “ही पोरगी एकटी जेवत न्हाई.”

आईच्या हातून उलथणं पडलं.

मला एक थोरला भाऊ होता. मोठ्या दुष्काळात गेला, माझ्या जन्माच्या आधी. बाप तेव्हा सरकारी कामावर खडी फोडायला गेलेला. घरात पिठाचा कण नाही आणि पोरगं भाकरी मागतंय. शेवटी आईने चूल पेटवून रिकामा तवा ठेवला आणि रिकाम्या काटवटीत हात थापत बसली. आवाज ऐकून पोराला वाटलं, भाकरी होतेय. त्या आवाजात त्याला झोप लागली, ती कायमचीच. आईने हे मला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आत्याबाईंना सांगताना मी ऐकलं. शेवटी ती म्हणाली, “जेवताना गुनगुनायचा तो.”

माणूस गेलं की आमच्याकडे पीठ मांडतात. परातीत पीठ सारखं करायचं, त्यावर टोपलं पालथं घालायचं आणि सकाळी उचलून बघायचं. पिठावर जी खूण उमटते तिच्यावरून गेलेला जीव कुठं गेला ते ओळखतात. जित्या माणसासाठी कुणी पीठ मांडत नाही. आत्याबाईंनी ते माझ्यासाठी मांडायला लावलं, माझ्या उशाशी.

सकाळी टोपलं उचललं. पिठात मधोमध एक पंजा उमटला होता. उंदीर फिरला असेल, मांजराने टोपलं सरकवलं असेल, काय म्हणायचं ते म्हणा. मी आपला हात त्याच्याशेजारी धरून पाहिला. माझी बोटं तेव्हा चांगली लांब झाली होती. पिठातला हात त्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

“त्याला उपाशी ठेवायचं,” आत्याबाई म्हणाल्या. “पोरीला नुसत्या पान्यावर ठिवा, लिंबाच्या पाल्याचा धूर द्या. खायला न्हाई मिळालं की जाईल आपल्या वाटंनं.”

मी आईकडे पाहिलं. नुसत्या पाण्यावर मी मेले असते, असं मला अगदी खरंच वाटत होतं. आई पिठाच्या परातीशी बसली होती. ती इतक्या शांतपणे बोलली की आत्याबाईसुद्धा दचकल्या. “एकदा उपाशी गेलाय तो, आत्याबाई. दुसऱ्यांदा मी न्हाई धाडायची.”

तिने ते पीठ चाळलं नाही की फेकलं नाही. मळलं, भाकरी थापली आणि मला वाढली.

त्या दिवसापासून टोपलं शिंक्यावरून खाली आलं. माडगं बंद. भाकरीवर लोणी यायला लागलं, आणि बाप ताटाकडे बघत मुकाट ठेचा खायचा. पहिले काही दिवस मी चंगळ केली, का करू नये? पण हळूहळू माझ्या ध्यानात आलं की आई वाढताना माझ्या डोळ्यांकडे बघतच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघे. घास आत गेला की हसे आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून हलकेच मान हलवी. त्या जागेवरून ती केरसुणीही फिरवीनाशी झाली. सासरहून निरोप आला, तर म्हणाली, “ल्हान हाय अजून.” मी तिच्या डोक्याइतकी झाले होते.

मला भीती वाटायला लागली. भर दुपारी, लख्ख उजेडात, घास घेता घेता अंगावर काटा यायचा. गुणगुणणं थांबवायला मी ओठ घट्ट दाबून चावायचे, आणि तरी तो सूर कानात येतच राहायचा. खाल्लेलं मला लागत नाही, वाटेतच कुणीतरी घेतंय, असं वाटायचं. कधी कधी याहून वाईट वाटायचं. या घरात जेवणारा तोच आहे, मी नुसती त्याची वाट आहे. मला आईचा राग येई. मी जिवंत होते ना!

ज्वारीची रास घरात आली तेव्हा माझं वाढणं थांबलं. हकीमसाहेब म्हणाले होते तसंच. एका दुपारी अर्ध्या भाकरीवर माझं पोट भरलं. पोट भरणं कसं असतं ते मी विसरून गेले होते. मी ताट सारलं आणि उठले.

“कावून उठली?” आई म्हणाली.

“भरलं पोट.”

“तुजं भरलं असंल.” ती त्या शेजारच्या जागेकडे बघत होती. “त्याचं?”

मी कान देऊन आत ऐकलं. कुठे काही नव्हतं. सूर नाही, खेच नाही. मी एकटी होते, आणि मला इतकं हलकं वाटलं की रडू आलं. वाटलं, आता हिलाही सुटू दे. मी म्हणाले, “त्याचंबी भरलं, आई. लई खाल्लं त्यानं. पोट भरलं म्हनून गेला तो.”

मला वाटलं होतं ती हात जोडेल, निदान सुस्कारा टाकेल. ती माझ्याकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी माझ्या डोळ्यांकडे.

“भरल्या पोटानं कुनी आईला सोडून जातं का गं?” ती म्हणाली. “मंग माजंच काय चुकलं?”

मी पुन्हा खाली बसले. ताट ओढून घेतलं.

“न्हाई गेला,” म्हणाले. “वाढ.”

तिने भाकरी वाढली. माझं पोट तुडुंब भरलेलं होतं. तरी ती भाकरी गेली. तिच्यानंतरचीही गेली.